पोलादाची झीज आणि वेल्डिंगची भर

२३ जुलै १९८४ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या रोमिओव्हिल इथं युनियन ऑइल कंपनीची रिफायनरी नेहमीसारखी चालू होती. तिथल्या एका उंच, उभ्या टाकीच्या तळाजवळ ऑपरेटरला वायू सुटताना दिसला. जवळ जाऊन पाहिलं तर पोलादी भिंतीत एक आडवी भेग होती, सुमारे १५० मिलिमीटर लांब. त्यानं टाकीत येणाऱ्या वायूचा व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. तेवढ्या वेळात भेग ६०० मिलिमीटरपर्यंत पोचली. परिसर रिकामा करायला सुरुवात झाली, रिफायनरीची स्वतःची अग्निशमन तुकडी धावत आली आणि त्याच सुमारास टाकी फुटली. आतला प्रोपेन-ब्युटेन पेटला. टाकीचा वरचा १४ मीटर लांबीचा, २० टन वजनाचा भाग उडून एक किलोमीटरवरच्या उच्चदाब वीजवाहिनीच्या मनोऱ्यावर आदळला. १७ माणसं मृत्युमुखी पडली. त्यांतली १० अग्निशमन तुकडीतली होती.

टाकी काही जुनाट नव्हती. १९७० मध्ये ती कामाला लागली होती. उंची १८.८ मीटर, व्यास २.६ मीटर, भिंत २५ मिलिमीटर जाड. आतला दाब चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास, तापमान जेमतेम ३८ अंश सेल्सियस. रासायनिक उद्योगाच्या हिशेबानं हे सगळं अगदी सौम्य. काम होतं वायूतला हायड्रोजन सल्फाइड अमाईनच्या द्रावणानं धुऊन काढण्याचं. मात्र काही वर्षांतच टाकीच्या खालच्या भागातल्या पोलादाला आतून फोड यायला लागले. म्हणून १९७४ मध्ये टाकी जागेवरच कापून तिचं दुसरं कडं काढलं आणि २.४ मीटर उंचीचं नवं कडं वेल्डिंग करून बसवलं. पोलाद चांगल्या प्रतीचं होतं, वेल्डिंगनंतर तपासणीही झाली होती. दहा वर्षांनी टाकी जिथं फाटली ती जागा म्हणजे याच दुरुस्तीच्या जोडाची कड.

गंजून पातळ झालेल्या भिंतीवर वेल्डिंगनं धातू चढवणं किंवा तिचा खराब भाग कापून नवा बसवणं, ही कारखान्यांतली रोजची कामं आहेत. रिफायनरी, खत कारखाने, कागद गिरण्या, साखर कारखाने, औषध कंपन्या, सगळीकडे ती चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भिंत झिजली होती, तिथं धातू भरला, काम झालं. प्रत्यक्षात वेल्डर जिथं ठिणगी पाडतो तिथलं पोलाद आधीसारखं राहत नाही. दुरुस्ती करताना खड्डा किती खोल आहे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद कसं होणार आणि त्या पोलादाला पुढची वर्षं कोणत्या रसायनाशेजारी काढायची आहेत.

मिलिमीटरचा हिशेब

दाबाखाली वायू किंवा द्रव साठवणाऱ्या, तापवणाऱ्या, मिसळणाऱ्या बंद टाकीला उद्योगात सरसकट प्रेशर व्हेसल म्हणतात. मधला गोल नळकांड्यासारखा भाग म्हणजे शेल, दोन्ही टोकांचे फुगीर भाग म्हणजे डिश एंड, पाइप जोडायला नॉझल आणि माणसानं आत शिरायला मॅनहोल. दाब चौरस सेंटिमीटरला १५ किलो असेल, तर अर्धा मीटर व्यासाच्या मॅनहोलच्या झाकणावर आतून सुमारे २९ टनांचा रेटा पडतो. शेलच्या भिंतीवर हाच रेटा चहूबाजूंनी असतो आणि भिंत आडवी ताणली जात असते.

भिंत किती जाड हवी याचं गणित सरळ आहे. दाब जास्त किंवा व्यास मोठा, तर जाडी जास्त. पोलादाची ताकद जास्त, तर जाडी कमी. दोन मीटर व्यासाच्या आणि १५ किलो दाबाच्या टाकीला नेहमीच्या प्रेशर व्हेसल पोलादात साधारण ११ मिलिमीटर जाडी लागते. पण डिझाइन करणारा इंजिनिअर तिथं थांबत नाही. आतल्या रसायनानं भिंत झिजणार हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो झिजेसाठी तीन मिलिमीटर जादा धरतो आणि १४ मिलिमीटरची प्लेट मागवतो. या जादा जाडीला करोजन अलाउन्स म्हणतात. हे तीन मिलिमीटर संपेपर्यंत टाकी निर्धास्त चालू शकते.

ते किती उरले आहेत हे टाकी न कापता मोजता येतं. तंत्रज्ञ भिंतीवर थोडा जेल लावतो आणि बोटाएवढा प्रोब टेकवतो. प्रोबमधून निघालेली श्राव्यातीत ध्वनिलहर पोलादातून सेकंदाला जवळजवळ ५,९०० मीटर वेगानं जाते, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येते. १२ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत या जाण्यायेण्याला सेकंदाचा सुमारे अडीच लाखावा भाग लागतो. यंत्र हा वेळ मोजून पडद्यावर जाडीचा आकडा दाखवतं. भिंतीवर खडूनं चौकटी आखून प्रत्येक चौकटीत असं माप घेतलं की पातळ जागांचा नकाशाच तयार होतो.

समजा, आपल्या १४ मिलिमीटरच्या टाकीत १० वर्षांनी सर्वांत पातळ जागी १२.५ मिलिमीटर भरलं. म्हणजे वर्षाला ०.१५ मिलिमीटर झीज. किमान ११ हवेत, म्हणजे हाताशी दीड मिलिमीटर, अर्थात १० वर्षांचं आयुष्य. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ५१० क्रमांकाची तपासणी संहिता सांगते की पुढची तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात किंवा १० वर्षांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा करावी. म्हणजे इथं पाच वर्षांच्या आत. जगभरातल्या रिफायनऱ्यांत हाच ठोकताळा चालतो.

झीज सगळीकडे सारखी झाली तर हिशेब सोपा राहतो, पण तशी ती क्वचितच होते. द्रवाची पातळी जिथं खालीवर होते तिथं एक पट्टा खाल्ला जातो. आत येणारा प्रवाह समोरच्या भिंतीवर आदळतो तिथं ती घासून जाते. गाळ साचतो तिथं खाली बारीक, खोल खड्डे पडतात. कामगार त्याला पिटिंग म्हणतात. बाहेरून इन्सुलेशनच्या आत पावसाचं पाणी मुरलं की चकचकीत पत्र्याच्या आवरणाखाली भिंत गुपचूप गंजत राहते.

वेल्डिंग करायचं की नाही

पातळ जागा सापडली म्हणजे लगेच वेल्डिंग मशीन आणायचं, असं नसतं. बऱ्याचदा सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे काहीच न करणं. सुटा खड्डा असेल, त्याच्या भोवतीची भिंत भरपूर जाड असेल, तर ती भोवतालची जाडी खड्ड्याचा भार वाहून नेते. असा दोष घेऊन टाकी सुरक्षित चालेल का, हे तपासण्याचं शास्त्र ‘फिटनेस फॉर सर्व्हिस’ या नावानं ओळखलं जातं आणि त्यावरची अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ५७९ क्रमांकाची संहिता २००० साली आली. खड्ड्याच्या कडा ग्राइंडरनं गोल, उतरत्या करून सोडून देणं हा त्यातला एक मान्य उपाय आहे. उथळ बशीसारखी खाच पोलादाला सहन होते, धारदार कोपरा होत नाही.

काही करणं भागच असेल तर पर्याय बरेच आहेत. झिजलेल्या जागी थरावर थर वेल्डिंग करून मूळ जाडी परत आणणं हा पहिला. खराब तुकडा कापून तिथं त्याच गोलाईची, गोलसर कोपऱ्यांची नवी प्लेट समपातळीत बसवणं हा दुसरा. बाहेरून ठिगळासारखी प्लेट लावून कडेनं वेल्डिंग करणं हा तिसरा, पण तो पुढच्या शटडाऊनपर्यंतचा तात्पुरता मानतात. कारण ठिगळाच्या कडेला ताण एकवटतो आणि आतली झीज तशीच चालू राहते. चौथा पर्याय म्हणजे आतल्या बाजूनं गंज न धरणाऱ्या मिश्रधातूचा थर चढवणं. हे सारे पर्याय, त्यांच्या मर्यादा आणि तपासण्या अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या पीसीसी-२ या दुरुस्ती-मानकात एकत्र मिळतात.

पर्याय निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवावंच लागतं: भिंत झिजली कशामुळे? आम्लानं झिजली असेल आणि पुन्हा तेच पोलाद भरलं, तर तेही त्याच वेगानं झिजेल. फोड आले असतील तर हायड्रोजन आत शिरतो आहे हे उघड आहे. बारीक भेगा असतील तर त्यांच्यावर वेल्डिंग करणं म्हणजे भेग झाकून ठेवणं. ती मुळापर्यंत खरवडून काढूनच पुढे जावं लागतं.

ठिणगी पडण्याआधी

टाकी रिकामी करणं, धुणं, वाफ देणं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाइपमध्ये पोलादी चकती घालून तो बंद करणं, यात कित्येकदा वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. व्हॉल्व्ह नुसता बंद असणं पुरेसं धरत नाहीत, कारण व्हॉल्व्ह गळू शकतो. हायड्रोजन सल्फाइड हाताळणाऱ्या टाकीच्या भिंतीवर लोह सल्फाइडची काळी पूड साचलेली असते. ती कोरडी होऊन हवेच्या संपर्कात आली की आपोआप पेट घेते. म्हणून ती ओली ठेवून काढतात.

मग आत शिरण्याचं परमिट. आत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी नको आणि २३.५ टक्क्यांपेक्षा जास्तही नको. ज्वलनशील वायू नको, विषारी वायू नको. वेल्डिंगसाठी वापरलेला आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साचून ऑक्सिजन बाजूला सारतो आणि त्याला ना वास ना रंग. म्हणून आतल्या हवेची मोजणी एकदाच करून चालत नाही, काम चालू असेपर्यंत ती करावी लागते. मॅनहोलबाहेर एक माणूस फक्त आतल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी उभा असतो. आत कोणी कोसळलं तर त्यानं स्वतः उडी मारायची नाही, हाक द्यायची, हेच त्याला शिकवलेलं असतं. भारताच्या कारखाना कायद्यानं अशा बंदिस्त जागेत हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली. पोलादी टाकीत घामानं भिजलेला माणूस चारही बाजूंनी धातूला टेकलेला असतो, हे त्यामागचं कारण.

ही काळजी कागदी नाही. २९ जुलै २००८ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, टोमाहॉक इथल्या एका कागद गिरणीत तीन कामगार उंच टाकीच्या माथ्यावर वेल्डिंगचं काम करत होते. टाकीत होतं फक्त कागदाच्या तंतूंचं पुनर्वापराचं पाणी. ते धोकादायक असेल असं कोणाला वाटलं नाही, म्हणून ज्वलनशील वायूची तपासणी झाली नाही. त्या पाण्यात वाढलेल्या जिवाणूंनी हायड्रोजन तयार केला होता. ठिणगी पडली, टाकी फुटली, तिघंही गेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं या अपघाताची चौकशी केली आणि कोणत्याही टाकीजवळ गरम काम करण्याआधी वायू मोजण्याचा आग्रह धरला.

थरावर थर

आता वेल्डर आत शिरतो. वाळूचा किंवा ग्रिटचा मारा करून भिंत पांढरीशुभ्र केलेली असते. पातळ जागेभोवती खडूची रेघ आहे. गंजाचा कण, तेलाचा डाग, जुन्या रंगाची कपची राहिली तर ती वितळलेल्या धातूत मिसळणार, म्हणून ग्राइंडर पुन्हा एकदा फिरतो. मग डीपी टेस्ट: लाल रंगाचं पातळ द्रव्य फवारायचं, थोडं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. डोळ्यांना न दिसणारी भेग असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ उमटली की तिथं आणखी खरवडायचं, पुन्हा टेस्ट. रेघ उमटायची थांबेपर्यंत हे चालतं.

टाकी हायड्रोजनच्या वातावरणात काम करत असेल तर पोलादात हायड्रोजन मुरलेला असतो. तसंच वेल्डिंग केलं तर धातू बुडबुडतो, नंतर चिरतो. त्यासाठी भिंतीला सिरॅमिकचे विद्युत पॅड बांधून ती काही तास तापवत ठेवतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो.

वेल्डरच्या हातातली रॉड बहुतेकदा ७०१८ क्रमांकाची. तिच्यावरच्या लेपात ओलावा अगदी कमी असतो आणि तो तसाच राहावा म्हणून पाकीट उघडल्यावर रॉड साधारण १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. वेल्डर शेजारी छोटा ओव्हन घेऊन बसतो आणि लागेल तशी एकेक रॉड काढतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली रॉड ओलावा ओढून घेते. वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि थेट वितळलेल्या पोलादात शिरतो.

भिंत प्रीहीट केलेली असते. तापमान कळायला खास खडू असतो. ठरलेल्या तापमानाला तो भिंतीवर वितळतो. वेल्डर रॉड फार न हलवता सरळ, अरुंद रेघ ओढतो. पुढची रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढलेली. प्रत्येक रेघेनंतर चिपिंग हॅमरनं स्लॅग फोडायचा, वायर ब्रश मारायचा, मग पुढची. एकाच जागी सलग वेल्डिंग केलं तर भिंत एका बाजूला ओढली जाते. थंड होणारा धातू आकसतो आणि गोल टाकीला पोचा पडतो. म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे, असा क्रम आधीच ठरवून दिलेला असतो. करंट किती, रॉडची जाडी किती, वेग किती, दोन रेघांमधलं तापमान किती, हे सगळं वेल्डिंग प्रोसिजरच्या कागदावर असतं. त्याच पोलादाच्या नमुन्यावर वेल्डिंग करून, तो नमुना ताणून आणि वाकवून पाहिल्यावरच तो कागद मंजूर झालेला असतो.

कडेचं पोलाद

पोलाद साधारण १,५०० अंशांना वितळतं. वितळलेल्या रेघेच्या लगतची काही मिलिमीटरची पट्टी वितळत नाही, पण लालबुंद होते. तिच्या मागे असते थंड, जाड प्लेट. ती सगळी उष्णता क्षणात शोषून घेते. लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवून त्याला पाणी देतो आणि धार कडक होते, तेच इथं घडतं. कोयत्याला कडकपणा हवा असतो, पण टाकीच्या भिंतीला लवचिकपणा हवा असतो. कडक झालेली पट्टी ठिसूळ असते आणि थंड होताना आकसलेल्या धातूनं तिला आधीच ताणून धरलेलं असतं.

अशा पट्टीत हायड्रोजन शिरला की भेग पडायची सगळी तयारी झाली. हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी एकत्र आले की पोलादाशी त्यांची अभिक्रिया होते आणि सुटा अणुरूप हायड्रोजन तयार होतो. तो इतका लहान असतो की घन पोलादातून सहज आत जातो. मऊ पोलादात एखाद्या पोकळीत साचून तो फोड आणतो. कडक, ताणलेल्या पोलादात सरळ भेग पाडतो.

रोमिओव्हिलच्या टाकीत हेच झालं होतं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या धातुशास्त्रज्ञांनी फुटलेले तुकडे तपासले. १९७४ च्या जोडाच्या कडेला कडक पट्टी तयार झाली होती, तिचा कडकपणा अशा वातावरणात चालणाऱ्या मर्यादेपेक्षा खूप वर होता. तिथून भेगा सुरू झाल्या आणि हळूहळू भिंतीत खोल गेल्या. टाकी फुटण्याआधीच सुमारे ८०० मिलिमीटर लांबीच्या पट्ट्यात भिंतीची ९० टक्क्यांहून अधिक जाडी चिरलेली होती. मधल्या काळात, १९७६ मध्ये, गंजापासून बचाव म्हणून टाकीच्या तळाला आतून मोनेल या निकेल-तांबे मिश्रधातूचं अस्तरही लावलं होतं. झिजेचा बंदोबस्त केला गेला होता. भेगेकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण जाडी मोजणारं साधं माप भेग दाखवत नाही.

कडक पट्टी मऊ करण्यासाठी जोडाला वेल्डिंगनंतर पुन्हा तापवतात, ते इथं केलं नव्हतं. २५ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादाला तसं तापवणं बांधणीच्या संहितेनं सक्तीचं केलेलं नव्हतं आणि आजही केवळ जाडीच्या हिशेबानं ती सक्ती त्याहून जाड भिंतींनाच लागते. पण बांधणीची संहिता दाब आणि जाडी पाहते. आत कोणतं रसायन असेल हे पाहणं मालकाचं आणि त्याच्या इंजिनिअरचं काम. रोमिओव्हिलनंतर ही जाणीव उद्योगात पसरली. १९९० मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं अमाईन युनिटमधल्या भेगा टाळण्यासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. ओल्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये काम करणाऱ्या साध्या पोलादाच्या जोडाचा कडकपणा २०० ब्रिनेलच्या आत ठेवण्याचा दंडक आता रिफायनऱ्यांत सर्वमान्य आहे.

या पुन्हा तापवण्याला कारखान्यात स्ट्रेस रिलीव्हिंग किंवा नुसतंच ‘एसआर’ म्हणतात. जोडाभोवती टाकीच्या पूर्ण घेरावर विद्युत पॅड गुंडाळतात, वर सिरॅमिक लोकरीची जाड गोधडी, जागोजागी तापमान मोजणाऱ्या तारा. साध्या पोलादाला ५९३ अंशांच्या वर, २५ मिलिमीटर जाडीला एक तास या हिशेबानं ठेवायचं आणि मग हळूहळू थंड करायचं. एवढ्या तापमानाला पोलाद मऊ पडतं. उंच टाकीच्या खालच्या कड्याचा एसआर करायचा तर वरचं सगळं वजन त्या मऊ पट्ट्यावर असतं. ती वाकू नये म्हणून आधी वेगळा हिशेब आणि कधी वेगळा आधारही लागतो.

जिथं एसआर शक्यच नसतो, तिथं टेंपर बीड नावाची हुशार पद्धत वापरता येते. पहिला थर कमी उष्णतेनं घालायचा. दुसरा थर अशा मोजूनमापून उष्णतेनं घालायचा की त्याची ऊब पहिल्या थराखालच्या कडक पट्टीपर्यंत पोचून तिला मऊ करेल, पण पुन्हा लालबुंद करणार नाही. वरच्याच थरानं खालच्या थराचा एसआर करून टाकायचा, असा हा बेत. त्याला वेल्डरचा हात फार स्थिर लागतो आणि नमुन्यावर कडकपणा मोजून पद्धत आधी सिद्ध करावी लागते. ज्या टाकीत भेगा पाडणारं रसायन आहे, तिथं एसआरची कटकट वाचवण्यासाठी केवळ या पद्धतीवर विसंबून राहणं योग्य नाही.

मिश्रधातूचं अस्तर

झीज पुन्हा होऊच नये असं वाटत असेल तर आतून स्टेनलेस स्टीलचा किंवा निकेलच्या मिश्रधातूचा थर वेल्डिंगनं चढवतात. कागद गिरण्यांमधले डायजेस्टर हे याचं मोठं क्षेत्र. लाकडाचे तुकडे कॉस्टिकच्या गरम द्रावणात शिजवणाऱ्या या टाक्या अनेक मजले उंच असतात. १९८० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात पाइन हिल इथला एक डायजेस्टर भेगांमुळे कोसळला, तेव्हापासून या टाक्यांची आतली तपासणी कडक झाली. पातळ पट्टे सापडले की आत रुळांवर स्वयंचलित वेल्डिंग हेड बसवतात आणि ते वरून खाली रेघांमागून रेघा ओढत जातं. हातानं करायचं म्हटलं तर महिने लागतील असं क्षेत्रफळ शटडाऊनच्या मुदतीत झाकून होतं.

यात मेख आहे ती मिसळण्याची. वितळलेल्या मिश्रधातूत खालचं साधं पोलादही वितळून मिसळतं, त्यामुळे थरातला क्रोमियम आणि निकेल पातळ होतो. म्हणून पहिल्या थरासाठी ३०९ एल सारखा, मुद्दाम जास्त क्रोमियम-निकेल असलेला धातू घेतात. मिसळून झाल्यावरही तो स्टेनलेस राहतो. जास्त कठीण वातावरणासाठी ६२५ क्रमांकाचा निकेल मिश्रधातू वापरतात. त्यात निम्म्याहून बराच जास्त निकेल असतो, म्हणून तो महाग पडतो.

अस्तर दाब पेलण्यासाठी नसतं, भिंतीचं रक्षण करण्यासाठी असतं. ते कधी किती ताणलं जाऊ शकतं याचं एक भयावह उदाहरण ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात मार्च २००२ मध्ये सापडलं. अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणातल्या एका चिरलेल्या नॉझलमधून बोरिक आम्लाचं पाणी झिरपत होतं. त्यानं झाकणाचं सुमारे १६८ मिलिमीटर जाडीचं पोलाद खाऊन तिथं खड्डा पाडला होता. खड्ड्याच्या तळाशी, आतल्या दीडशे किलो दाबाला अडवत, उरलं होतं फक्त जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचं स्टेनलेस अस्तर. आधी खड्डा वेल्डिंगनं बुजवण्याचा प्रस्ताव होता. शेवटी मिशिगनमधल्या मिडलँड इथल्या कधीच पूर्ण न झालेल्या अणुवीज केंद्राचं न वापरलेलं झाकण आणून बसवलं गेलं. केंद्र पुन्हा सुरू व्हायला २००४ साल उजाडलं.

पाणी भरून परीक्षा

वेल्डिंग संपलं तरी तपासणीला लगेच हात घालत नाहीत. हायड्रोजनमुळे पडणारी भेग एक-दोन दिवसांनीही पडू शकते, म्हणून शंका असलेल्या पोलादात २४ ते ४८ तास थांबून मगच शेवटची तपासणी करतात. डीपी किंवा चुंबकीय पद्धतीनं वरच्या भेगा, अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रेनं आतल्या, आणि छोट्या हातयंत्रानं कडकपणा. मग बहुतेक मोठ्या दुरुस्त्यांनंतर हायड्रो टेस्ट. टाकी पूर्ण पाण्यानं भरून, हवा काढून टाकून, चालवण्याच्या कमाल दाबाच्या किमान १.३ पट दाब देतात. पाणीच का? पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे टाकी चिरली तर दाब क्षणात उतरतो. तीच टाकी हवेनं भरली असती तर दाबलेल्या हवेनं प्रसरण पावून तुकडे दूरवर फेकले असते. थंडीच्या दिवसांत पाण्याचं तापमानही पाहतात, कारण फार थंड पोलाद ठिसूळ होतं.

महाराष्ट्रात हे विषय दोन यंत्रणांकडे येतात. एलपीजी, अमोनिया, क्लोरीनसारखे दाबाखालचे वायू साठवणाऱ्या टाक्या स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या २०१६ च्या नियमांखाली येतात आणि ते नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. तिच्या मंजुरीशिवाय अशा टाकीवर वेल्डिंग करता येत नाही. वाफेचे बॉयलर राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे. गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यांचे बॉयलर उघडले जातात, नळ्या आणि ड्रम तपासले जातात, दुरुस्त्या होतात आणि निरीक्षकासमोर पाण्याच्या दाबाची परीक्षा झाल्यावरच नव्या हंगामाचं प्रमाणपत्र मिळतं.

या सगळ्या साखळीत सर्वांत कमी दिसणारा माणूस वेल्डरच असतो. प्रेशर व्हेसलला हात लावण्याआधी त्याला ठरलेल्या स्थितीत नमुना वेल्डिंग करून दाखवावं लागतं. अवघड चाचणीत पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो आणि तो न फिरवता खालून, बाजूनं, वरून सगळा जोड पुरा करायचा असतो. तो नमुना कापून वाकवतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी भेग उघडली तर नापास. पास झाला तरी सहा महिने त्या प्रक्रियेनं काम केलं नाही तर अमेरिकन संहितेनुसार पात्रता संपते आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दुरुस्तीच्या नोंदीत त्याचा क्रमांक जातो: कोणत्या कड्यावर, कोणत्या रेघेला, कोणत्या रॉडनं, कोणत्या तापमानाला काम केलं. त्याच नोंदीत दुरुस्त केलेल्या जागेची नवी जाडी लिहिली जाते आणि पुढच्या तपासणीत तंत्रज्ञ पहिल्यांदा प्रोब टेकवतो तो त्या जागेवर. ओला हायड्रोजन सल्फाइड असलेल्या टाकीत तो आता केवळ जाडी मोजून थांबत नाही. जोडाच्या दोन्ही कडा ग्राइंडरनं साफ करून, चुंबकीय तपासणीनं भेगाही शोधतो.